चौथा हात

मी एक जुना जॅक आहे. शर्यतीच्या गाडीचे नाक उचलून धरणारा. माझ्या अंगावर अजून कुठे कुठे सोनेरी रंगाचे पोपडे दिसतील. ते पाहून तुम्ही नाक मुरडाल, पण मित्रांनो, जरा दमाने घ्या. या गोष्टीत नाक मुरडण्याचे काम माझे आहे आणि ते मी अगदी मन लावून करणार आहे.

माझा जन्म एका शर्यत संघाच्या गॅरेजमागे झाला. एका मोडक्या गाडीच्या सांगाड्याचे पाइप उरले होते. वेल्डरने ते कापले, जोडले, खाली दोन लहान चाके बसवली. पुढे गाडीखाली सरकणारी चपटी जीभ, मागे लांब दांडा आणि दांड्याला एक खटका. दांडा खाली दाबला की गाडीचे नाक वर, आणि खटका दाबला की गाडी धाडकन खाली. एवढीच माझी अक्कल. "वजन जरा जास्त झालं, पण मोडणार नाही," असे म्हणून वेल्डरने मला काळा रंग फासला आणि तो चहा प्यायला निघून गेला. माझे बारसे ते एवढेच.

शर्यत चालू असताना गाड्या मध्येच चाके बदलायला थांबतात, त्या जागेला पिट म्हणतात. तिथे चार चाकांपाशी नट पिळायची गन घेऊन चार माणसे बसतात. गाडीच्या मागे एक जॅकवाला असतो आणि पुढे एक. पुढच्या जॅकवाल्याचे काम सांगायला फार सोपे आहे. गाडी भरधाव त्याच्या अंगावर येते आणि त्याने जागचे हलायचे नाही.

आमच्या संघात हे काम एका लुकड्या तरुणाकडे आले. तो त्याच्या मोठ्या बहिणीच्या घरी राहायचा, तिच्या हातचा डबा आणायचा आणि डबा उघडताना "ताईनं आज काय कोंबलंय बघू" म्हणून सगळ्यांना खिलवायचा. पहिल्याच दिवशी गाडी समोर आली तशी त्याने मला तिथेच टाकून बाजूला उडी मारली. गाडीने मला फरफटत भिंतीपर्यंत नेले. सगळे पोट धरून हसले. एक माणूस तेवढा हसला नाही. तो पुढच्या उजव्या चाकावर बसायचा. डाव्या हाताने काम करायचा, म्हणून त्याला सगळे डावऱ्या म्हणत.

"अरे, तुला मारायची तिला काही हौस नाहीये," डावऱ्या त्याला म्हणाला. "ती तुझ्याकडे बघूनच थांबते. तू हललास तर ती कुणाकडे बघणार?"

दुसऱ्या दिवशी तो हलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. महिन्याभरात त्याला 'खांब्या' नाव पडले. मित्रांनो, त्या दिवसांतला खांब्या मला आवडायचा. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला तसे काही म्हणायची संधी मिळणार नाही.

पिटमधला एक नियम डावऱ्यानेच त्याला शिकवला. नट घट्ट बसला की चाकवाला हात वर करतो. चारही हात वर दिसले की मगच जॅकवाल्याने खटका दाबायचा. तुमच्या बोलण्यात हात वर करणे म्हणजे अंग काढून घेणे. आमच्याकडे नेमके उलटे. हात वर केला म्हणजे, या चाकाचे जे काय होईल ते माझ्या माथी. चौथा हात दिसेपर्यंत देव जरी खाली उतरून "सोड" म्हणाला, तरी जॅकवाल्याने बहिरे व्हायचे.

आणि खांब्या एकदा खरोखरच बहिरा झाला. ऐन शर्यतीत डावऱ्याचा नट आडवा अडकला. तीन हात वर, चौथा खाली. तेव्हाचे संघप्रमुख पिटसमोरच्या बुटक्या भिंतीवरून ओरडत होते, "सोड! अरे सोड ना, गाढवा!" खांब्या दांड्यावर सगळा भार टाकून डावऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. त्याच्या तळव्याचा घाम मला लागत होता. डावऱ्याने नट काढला, सरळ लावला, पिळला, हात वर केला, तेव्हा कुठे खटका दाबला गेला. शर्यत आम्ही हरलो. प्रमुखांनी खांब्याची बिनपाण्याने केली. पण डावऱ्याची बोटे त्या वेळी चाकाच्या आत होती. त्या दिवशी मला जॅक असण्याचा अभिमान वाटला.

आता जरा नाकाला रुमाल लावा.

संघाला पैसे पुरवणारी बडी पाहुणेमंडळी गॅरेज बघायला यायची. त्यांना फिरवायला कोणीतरी बोलका माणूस हवा होता. खांब्या बोलायला गोड. त्याने पाहुण्यांना ती नट अडकल्याची गोष्ट सांगितली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळी फार वाईट चीज आहे, मित्रांनो. पुढच्या खेपेला गोष्टीत पाऊस आला. त्यानंतर गाडीला आग लागली. मग शर्यत आम्ही जिंकलोसुद्धा! मी कोपऱ्यात उभा राहून ऐकत होतो. पहिल्या दिवशीची उडी त्या गोष्टीतून कधीच गळाली होती आणि हळूहळू डावऱ्याही गळाला.

पाहुण्यांचा लाडका झाल्यावर खांब्याच्या अंगावर कोट आला. मग तो प्रवासाची व्यवस्था बघू लागला, मग जाहिरातींचे करार, मग सगळा व्यवहार. मेहनत केली नाही असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक पायरी चढताना त्याने खालच्या पायरीवरच्या माणसाला ओळख दाखवणे बंद केले. जुने प्रमुख आजारी पडले तेव्हा हा फुले घेऊन त्यांना बघायला गेला, त्यांचा हात हातात घेऊन बसला, आणि तिथून परत आला तो थेट त्यांच्या खुर्चीची उंची आपल्या मापाची करून घ्यायला. गॅरेजमध्ये ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कोणी बोलले नाही. खांब्याचे आता 'साहेब' झाले होते.

साहेबांनी नवी इमारत बांधली. काच, संगमरवर, आणि आत शिरल्याबरोबर फुलांचा नकली वास. त्या दालनात ठेवायला त्यांना आपल्या 'कष्टांची' काहीतरी खूण हवी होती. मग मला अडगळीतून शोधून काढले. माझी चाके काढली, खरवडले, घासले आणि माझ्यावर सोनेरी रंग चढवला. खटक्यात तेल जायची भोकेसुद्धा त्या रंगाने बुजून गेली. मला एका चौथऱ्यावर स्क्रूने आवळले आणि खाली पाटी लावली, 'येथून सुरुवात झाली'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ती सोनूबाई म्हणजे मीच. वेल्डरने पाहिले असते तर तो रडला असता.

रोज कोणी ना कोणी पाहुणा यायचा. साहेब माझ्या दांड्यावर हात ठेवून फोटो काढून घ्यायचे. तो हात आता लोण्यासारखा मऊ झाला होता. "याच हातांनी..." अशी सुरुवात करायचे. पाहुण्याची पाठ वळली की खिशातून ओला, सुगंधी कागद काढायचे आणि मला लागलेली बोटे एकेक करून पुसायचे. तो कागद माझ्या चौथऱ्यामागे टाकायचे. झाडणाऱ्या बाई रोज सकाळी तिथून कागदांचा बोळा काढत आणि एकदा मलाच म्हणाल्या, "काय रे, तुला काय खरूज झालीय का?" पाहुण्यांना दाखवायला कष्ट हवेत, पण त्यांचा डाग नको! मला शिसारी यायची. जॅकला ओकारी येत नाही म्हणून, नाहीतर त्या संगमरवराचे काही खरे नव्हते.

त्या इमारतीत एकाच माणसामुळे मला बरे वाटायचे. साहेबांची भाची. त्याच ताईची मुलगी. तिने पुढच्या जॅकचे काम हट्टाने मागून घेतले होते आणि तिला शिकवले डावऱ्याने. घरी ती साहेबांना "मामा, तू" म्हणायची, इथे मात्र "साहेब, तुम्ही" म्हणायची तिला सक्त ताकीद होती. येता-जाता ती माझ्यापाशी थांबायची, माझा खटका दाबून बघायची आणि चुकचुकायची. "अगदीच जाम केलंय रे तुला."

आता साहेबांच्या डोक्यात एक नवे खूळ शिरले. आमचा संघ पिटमध्ये इतरांपेक्षा किंचित जास्त वेळ घेत होता. एक दिवस त्यांनी सगळ्या पिटवाल्यांना दालनात, माझ्याच समोर उभे केले.

"चौथ्या हाताची वाट बघत गाडी हवेत लटकत ठेवता तुम्ही," साहेब म्हणाले. "तीन आले की चौथा आलाच समजायचं."

"समजायचं कशाला?" डावऱ्या म्हणाला. "डोळे आहेत की. बघायचं."

"मला शिकवतोस? मी हे काम केलंय." आणि माझ्या दांड्यावर दोन थापा.

मुख्य मेकॅनिकने मान हलवली. नियम बदलायचा तर स्पर्धेच्या अधिकाऱ्यांना कळवावे लागेल, असे तो म्हणाला. साहेब लगेच हसले. "अरे बाबा, मी आपलं बोललो. नियम तोच राहू दे." सगळे सुटकेचा निःश्वास टाकून कामाला गेले. साहेबांनी खिशातून कागद काढला.

पुढच्याच शर्यतीत ते घडले. दालनातल्या मोठ्या पडद्यावर मी ते पाहिले. आमची गाडी दुसऱ्या क्रमांकावर होती. ती पिटमध्ये आली, भाची हलली नाही, नाक वर गेले. एक हात, दोन हात, तीन. साहेब कानावरचे, बोलणे टिपून ठेवणारे यंत्र काढून भिंतीवरून खाली उतरले होते आणि तिच्या पाठीशी उभे होते. त्यांचे ओठ हलले. पडद्यावर आवाज होता तो फक्त इंजिनांचा. भाची दचकली आणि गाडी खाली आली. ती उसळून निघाली तेव्हा पुढचे उजवे चाक निखळले आणि डावऱ्याच्या गुडघ्यावर आदळले. तो कसा पडला ते मी सांगत नाही. मला अजून ते आठवले की माझ्या सांध्यांत कळ येते.

स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनी चौकशी लावली. भाचीने सांगितले की मागून साहेबांनी "सोड" म्हटले, दालनातही ते सगळ्यांसमोर म्हणाले होते की तीन आले की चौथा आलाच. साहेब म्हणाले, मी असे कधी बोललो नाही. दालनात उभे असलेले ते सगळे पिटवाले मूग गिळून बसले. प्रत्येकाच्या घरी चूल होती. दवाखान्यातून डावऱ्याने निरोप पाठवला की साहेब असे म्हणाल्याचे त्याने ऐकले आहे. पण वेदनेच्या औषधांच्या गुंगीतले बोलणे, असे म्हणून साहेबांनी ते उडवून लावले. आता भाचीचा पिटमध्ये काम करण्याचा परवाना कायमचा रद्द व्हायची पाळी आली. निकाल काही दिवसांवर होता.

एका दुपारी ती दालनात आली. साहेब लिफ्टमधून उतरले आणि दोघे माझ्यासमोरच उभे राहिले.

"मामा, तूच म्हणालास सोड."

"हळू बोल. आणि इथे साहेब म्हण."

"तू म्हणालास की नाही?"

"हे बघ, पोरी," साहेब तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्यावर शेकडो घरं चालतात. तुझं काय, तू तरुण आहेस. दुसरं काहीतरी कर. मी ताईशी बोलतो, तुला कुठेतरी चिकटवून देतो."

"आई आजपण म्हणते, खांब्या खोटं बोलणार नाही."

साहेबांनी तिच्या खांद्यावरचा हात काढला आणि मित्रांनो, तुम्हांला सांगतो, त्यांनी खिशातून तो ओला कागद काढून बोटे पुसली. भाचीने ते पाहिले. ती वळली आणि निघून गेली. आयुष्यात मी ग्रीस, घाम, रक्त, कुजके तेल सगळे अंगावर घेतले आहे. त्यातल्या कशाचीच मला कधी घाण वाटली नाही. त्या फुलांच्या वासाच्या कागदाची वाटली.

त्याच आठवड्यात संघाचा वर्धापनदिन होता. साहेबांनी बेत आखला तो त्यांच्या स्वभावाला साजेसाच. दालनात संघाची पहिली गाडी आणायची, पहिल्या काळातले चाकवाले बोलवायचे, आणि पाहुण्यांसमोर साहेबांनी स्वतः माझ्यावर गाडी उचलून दाखवायची. चौकशीच्या अधिकारी बाईंनाही मुद्दाम आमंत्रण गेले. जुन्या साथीदारांच्या गळ्यात गळे घालणारा प्रमुख पाहिला की त्यांचे मत आपोआप बनेल, असा हिशेब. डावऱ्या येणार नाही असे सगळ्यांना वाटले होते. तो आला. एका बाजूला कुबडी आणि दुसऱ्या बाजूला साहेबांची भाची. तिला आमंत्रण नव्हते, पण तिच्याशिवाय त्याला चालता येत नव्हते, त्यामुळे दारावर कोणाला अडवता आले नाही.

मला चौथऱ्यावरून सोडवले, चाके परत बसवली. मेकॅनिकने माझ्या खटक्यातला सोनेरी रंग टोकदार सळईने टोकरून काढला. किती वर्षांनी मी गाडीच्या नाकाखाली शिरलो! साहेबांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या, दांडा दाबला. गाडी वर आली. टाळ्या झाल्या. चाकवाल्यांनी चाके काढली, नवी चढवली. केस पिकलेले ते म्हातारे, पण हात अजून विसरले नव्हते. एक हात वर गेला. दुसरा गेला. तिसरा गेला.

डावऱ्या पुढच्या उजव्या चाकापाशी स्टुलावर बसला होता, साहेबांपासून हाताच्या अंतरावर. त्याचा डावा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली.

पाहुणे थांबले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, इकडे बघा." साहेब दात दाखवून उभे राहिले. गाडी जड होती आणि हात मऊ होते. दांडा थरथरू लागला.

"हं, हात कर वर," ते ओठ न हलवता म्हणाले.

"नट बसला नाही अजून," डावऱ्या म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेले.

"फोटोपुरतं आहे रे. चालतंय."

डावऱ्या त्यांच्याकडे बघत राहिला. मी दोघांच्या मधे होतो. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला बरे वाटले असते. पण तो नुसती वाट बघत होता, जशी त्या हरलेल्या शर्यतीत खांब्याने त्याची वाट बघितली होती. मीही वाट बघितली. मनात म्हणालो, खांब्या, आता तरी बहिरा हो. एकदाच. तुझी भाची समोर उभी आहे, रे!

बोट खटक्यावर आले. अवजाराला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. मी खूप अंग आवळले, पण मेकॅनिकने काम चोख केले होते. साहेबांनी खटका दाबला.

गाडी आदळली. पुढचे उजवे चाक तिरके होऊन निसटले, गाडीचे नाक फरशीवर आपटले आणि संगमरवराचा एक टवका उडून माझ्या रिकाम्या चौथऱ्यावर लागला. डावऱ्याला काही झाले नाही. त्याने आधीच भाचीला खूण करून स्टूल मागे ओढून घेतले होते. खांब्या सोडणार, हे डावऱ्याला माहीत होते. मला वाटते, त्या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट सर्वांत वाईट होती.

काही पाहुण्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. त्या मधेच विरल्या. चौकशीच्या बाई पुढे आल्या.

"किती हात वर होते?"

"तीन," भाची म्हणाली.

"मग सोडली का?" हा प्रश्न साहेबांना होता.

साहेब हसले, घाम पुसला. "अहो, हा नुसता खेळ आहे. आणि पिटमध्ये एवढं कोण बघत बसतं? तीन आले की चौथा आलाच समजायचं."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले. तोंडातून गेलेला शब्द गिळायला ते तोंड तसेच उघडे राहिले. चौकशीच्या बाईंनी भाचीकडे बघून एकदा मान हलवली. डावऱ्याने मूठ उघडली. नट तिथे होता. तो त्याने माझ्या दांड्याजवळ फरशीवर ठेवला.

साहेबांनी सवयीने खिशात हात घातला. कागद कोटात होता आणि कोट खुर्चीवर. "कोट द्या जरा," ते म्हणाले. कोणीच हलले नाही. झाडणाऱ्या बाई तिथे उभ्या होत्या, त्यासुद्धा नाहीत. शेवटी त्यांना स्वतः चालत जाऊन तो घ्यावा लागला, सगळ्या दालनातून, आणि भाची मागून म्हणाली, "साहेब, तुमची बोटं पुसायची राहिली."

निकाल लागला. भाचीचा परवाना तिच्याकडे राहिला. साहेबांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' पद सोडले, मोठे हार घालून घेतले आणि वर्ष उलटायच्या आत दुसऱ्या एका संघात सल्लागार झाले. तिथे म्हणे त्यांना माणसांचे मन जिंकण्यावर भाषण द्यायला बोलावतात. तुम्हांला वाटले असेल, गोष्टीच्या शेवटी त्यांना चांगली अद्दल घडेल. मलाही वाटले होते.

मला पुन्हा चौथऱ्यावर कोणी चढवले नाही. भाची मला गॅरेजात घेऊन गेली. तिने पॉलिशपेपरने माझा सोनेरी रंग घासून काढला, सांध्यांत तेल सोडले आणि म्हणाली, "वजन जरा जास्त आहे, पण मोडणार नाही." हे तिला कोणी सांगितले होते कोण जाणे. शर्यतीत आता हलके, नवे जॅक असतात. मी सरावाला असतो. डावऱ्या स्टुलावर बसून नव्या चाकवाल्यांना शिव्या घालतो.

मित्रांनो, तुमच्या घरीदारी जुनी अवजारे असतील, तर त्यांना मखरात बसवू नका. तेल द्या आणि कामाला लावा. काम करताना हात मळले तर मळू द्या. आणि कधी तुमच्या बोटाखाली खटका असेल आणि मागून कोणी मोठा माणूस "सोड" म्हणाला, तर आधी समोर बघा.

काल सरावात एका नव्या चाकवाल्याचा नट अडकला. तीन हात वर होते. त्याला घाम फुटला, गन दोनदा सुटली, सगळे ताटकळले. भाची माझ्या दांड्यावर भार टाकून त्याच्या हाताकडे बघत राहिली. तिच्या तळव्याचा घाम मला लागत होता. मला त्याची अजिबात घाण वाटली नाही.